काताझोमे: तांदळाच्या खळीने कापडावर नक्षी उठवण्याची जपानी पद्धत

किमोनोच्या कापडावरची बारीक पांढरी नक्षी पाहून ती पांढऱ्या रंगाने छापलेली असावी, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती कापडाची स्वतःची, न रंगलेली जागा असते. काताझोमे या जपानी पद्धतीत कागदी साच्यातून रंग लावत नाहीत, तांदळाची खळ लावतात. खळ वाळल्यावर उरलेले कापड रंगवतात आणि शेवटी खळ धुऊन काढली की तिच्याखालचे कापड कोरे निघते. राजस्थानातील बगरूची दाबू छपाई पाहिलेल्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल, कारण तिथेही चिखल, चुना आणि डिंक यांचे मिश्रण ठशाने लावून कापडाचा काही भाग रंगापासून राखला जातो. काताझोमेची सर्व करामत मात्र तांदूळ, कोंडा, चुना आणि मीठ यांवर उभी आहे. शिकणाऱ्याचे लक्ष साहजिकच साच्याच्या कोरीवकामाकडे जाते, परंतु कापड बिघडते ते बहुतेक वेळा खळीमुळे. म्हणून या लेखात खळीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कोणती शाखा डोळ्यांसमोर ठेवावी

जपानात या पद्धतीच्या अनेक शाखा आहेत आणि त्यांपैकी कोणती निवडतो यावर साच्याचा आकार, खळीचा घट्टपणा आणि रंगाचा प्रकार ठरतो. एदो कोमोन ही सर्वांत बारीक नक्षीची शाखा. एदो काळात (सतरावे ते एकोणिसाव्या शतकाचा मध्य) सामुराईंच्या कामिशिमो या औपचारिक पोशाखावर ती असे आणि मोठ्या घराण्यांच्या नक्षी राखीव असत. किशूच्या तोकुगावा घराण्याची, शार्कच्या कातडीवरच्या कणांची आठवण देणारी ‘सामे’ ही ठिपक्यांची नक्षी त्यांपैकी प्रसिद्ध आहे. असे कापड लांबून एकरंगी दिसते आणि हातभर अंतरावर आल्यावरच ठिपके उमटतात. नागाइता चूगाता ही मध्यम आकाराच्या नक्षीची, निळीत रंगवलेली शाखा मुख्यतः युकाता या उन्हाळी सुती पोशाखासाठी वाढली. तिच्यात कापडाच्या दोन्ही बाजूंना, नक्षीवर नक्षी तंतोतंत बसेल अशी खळ लावतात, त्यामुळे पांढरा भाग आरपार स्वच्छ राहतो. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवरची बिंगाता ही झळाळत्या रंगांची शाखा आहे; तिच्यात रंगद्रव्ये ब्रशने भरतात आणि कडांना गडद छटा देतात.

घरी काम करू इच्छिणाऱ्याने सेरिझावा केइसुके (1895–1984) यांच्या वाटेने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पारंपरिक व्यवसायात नक्षी काढणारा, साचा कोरणारा आणि कापड रंगवणारा हे वेगवेगळे कारागीर असतात. बिंगाताने भारावलेल्या सेरिझावांनी ही सर्व कामे स्वतःच्या हाती घेतली आणि 1956 मध्ये ‘काताएझोमे’ या नावाने जपान सरकारने त्यांच्या कौशल्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता दिली. त्यांच्या नक्षीत जाड, ठाम आकार असतात. सहज कोरता येणाऱ्या अशा आकारांनीच सुरुवात करणे हिताचे, कारण एदो कोमोनचे ठिपके ही अनेक वर्षांच्या हातसवयीची गोष्ट आहे.

कापड

सुती, रेशमी, ताग किंवा लिनन यांपैकी कोणतेही शंभर टक्के नैसर्गिक धाग्याचे कापड चालते. पॉलिस्टर मिसळलेले कापड घेऊ नये. पहिल्या कामासाठी घट्ट विणीचे मांजरपाट उत्तम. त्यावर गिरणीतील कांजी असते, म्हणून धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते तासभर उकळावे, भरपूर पाण्यात खळबळून वाळवावे आणि इस्त्री करावे. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर शोषला गेला तर कापड तयार आहे. थेंब क्षणभरही वर टिकला तर पुन्हा उकळावे.

किमोनोचे कापड ‘तान’ या मापाने विणले जाते. त्याची रुंदी साधारण 36 ते 38 सेंटिमीटर आणि लांबी सुमारे 12 मीटर असते व एका तानातून एक पूर्ण किमोनो निघतो. घरी सुरुवातीला 35 सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब पट्टी पुरेशी आहे. ही रुंदी आपल्या हाताच्या आवाक्यात बसते, आणि पारंपरिक साचेही तिच्याच हिशेबाने केलेले असतात.

नक्षीची आखणी

नक्षी काढताना दोन गोष्टींचा आधीच विचार करावा लागतो. पहिली गोष्ट जोडाची. एकच साचा पुढे सरकवत संपूर्ण कापडावर खळ लावायची असल्याने साच्याची वरची कड खालच्या कडेशी बेमालूम जुळली पाहिजे. यासाठी नक्षीचा कागद मधोमध आडवा कापावा, खालचा अर्धा वर आणि वरचा अर्धा खाली ठेवून चिकटवावा आणि आता मध्यभागी आलेल्या जोडावर रेषा पूर्ण कराव्यात. मग बाहेरच्या कडा आपोआप जुळतात. साच्याच्या कोपऱ्यांत नक्षीतच लपतील असे बारीक ठिपके कोरावेत. मागच्या छापाच्या ठिपक्यांवर पुढचे ठिपके बसवत गेले की साचा तिरका जात नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. किमोनोला खांद्यावर शिवण नसते. कापडाची पट्टी पुढून खांद्यावरून सलग मागे जाते. त्यामुळे फुले फक्त वरच्या दिशेला तोंड करून काढली, तर पुढच्या बाजूला सुलट दिसणारे फूल पाठीवर उलटे दिसते. म्हणूनच सलग नक्षीच्या कापडांवर आकार दोन्ही दिशांना विखुरलेले किंवा दिशाहीन असतात. आपण ओढणी किंवा पडदा करणार असलो तर ही अडचण येत नाही, पण किमोनोसारखा पोशाख करायचा असल्यास ती नंतर दुरुस्त करता येत नाही.

साचा म्हणजे एकसंध राहिलेला कागद, हे रेखाटताना सतत ध्यानात ठेवावे. वर्तुळाच्या आत वर्तुळ कोरले तर आतला तुकडा गळून पडणार. त्याला धरून ठेवणारे पूल नक्षीतच मुरवावे, पानाच्या शिरा किंवा पाकळ्यांमधल्या फटी म्हणून.

साचा: कागद, कोरणे आणि जाळी

पारंपरिक साच्याला कातागामी म्हणतात आणि त्याचे मुख्य केंद्र मिए प्रांतातील सुझुका शहराचा शिरोको व जिके हा परिसर आहे. एदो काळात किशू संस्थानाच्या संरक्षणामुळे इथल्या व्यापाऱ्यांचे साचे जपानभर पोहोचले. कागद कोझो झाडाच्या सालीचा असतो. त्याचे सहसा तीन थर, तंतूंची दिशा आलटून-पालटून, काकिशिबुने चिकटवतात. काकिशिबु म्हणजे कच्च्या जपानी पर्सिमन फळांचा आंबवलेला रस. त्यातील टॅनिनमुळे कागद तपकिरी, कडक आणि पाण्यात टिकणारा होतो. पुढे हे कागद धुराच्या कोठीत ठेवून मुरवतात, म्हणजे ते भिजल्यावर आणि वाळल्यावर फारसे आकसत किंवा ताणले जात नाहीत. आकार न बदलणे हाच साच्याचा खरा गुण आहे, कारण एका तानावर तो असंख्य वेळा ओला करून उचलावा लागतो.

कोरण्याच्या चार मुख्य पद्धती आहेत. अर्धगोल पात्याचे टोक कागदावर रोवून फिरवत ठिपका पाडतात. फुलपाकळीच्या किंवा चौकोनाच्या आकाराचे, कारागिराने स्वतः घडवलेले पोलादी ठसे दाबतात. पाते पुढे ढकलत वळणदार रेषा कापतात. आणि पट्टीच्या आधाराने उभे पट्टे कोरतात. पट्ट्यांची पद्धत ऐकायला सर्वांत सोपी वाटते, पण एकाच रेषेवरून पाते तीनदा फिरवावे लागते आणि सर्वांत बारीक कामात एका सेंटिमीटरात दहा-अकरा पट्टे बसतात. ओकिनावातील कारागीर कोरताना कागदाखाली सुकवलेल्या टोफूचा ठोकळा ठेवतात. तो पात्याला योग्य तेवढाच विरोध करतो आणि त्याची धार जपतो.

घरी जपानी कागद मिळत नसल्यास मध्यम जाडीची मायलर शीट (पातळ, चिवट प्लास्टिकचा कागद) घ्यावी. खाली कटिंग मॅट ठेवून, टोकदार पात्याच्या क्राफ्ट चाकूने, मनगट स्थिर ठेवून आणि वळणावर शीट फिरवत कापावे. आधी लहान आणि आतले आकार, मग मोठे, अशा क्रमाने गेल्यास शीट शेवटपर्यंत ताठ राहते.

कोरून झाल्यावर साच्यावर जाळी चढवावी. पूर्वी कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमी धागे घालत. पुढे रेशमाची विरळ जाळी ‘उरुशी’ या झाडाच्या चिकाच्या रोगणाने चिकटवण्याची रीत आली. आपल्याकडे स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात मिळणारे बोल्टिंग क्लॉथ, त्याच्या सर्वांत विरळ विणीत, या कामाला चालते. साच्यावर ते ताणून पसरावे, वरून तेलाधारित वार्निशचा पातळ हात द्यावा आणि लगेच टिपकागद दाबून भोकांत अडकलेले वार्निश काढून घ्यावे. दोन दिवस कडक वाळू द्यावे. जाळी पक्की झाली की तात्पुरते ठेवलेले पूल कापून टाकता येतात.

खळ

खळीचे दोन मुख्य घटक आहेत. चिकट तांदळाचे पीठ कापडाला धरून ठेवते आणि लवचिकपणा देते. बारीक कोंडा खळीला अंग देतो, नक्षीची कड धारदार ठेवतो आणि शेवटी धुताना ती सुटी करतो. पीठ जास्त झाले तर खळ रबरासारखी ओढली जाते आणि साचा उचलताना तंतू सुटतात. कोंडा जास्त झाला तर वाळल्यावर तडे जातात व त्या तड्यांतून रंग आत शिरतो.

जपानी मोचीचा तांदूळ आशियाई किराणा दुकानांत पीठ म्हणून मिळतो. आसामचा बोरा तांदूळही याच जातकुळीचा आहे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी शिजल्यावर मऊ आणि चिकट होतात खरे, पण त्यांची खळ वाळल्यावर ठिसूळ होते, म्हणून ते इथे वापरू नयेत. कोंडा भाताच्या गिरणीतून ताजा आणावा; त्यात तूस असतेच, ते मैद्याच्या चाळणीने आणि नंतर पातळ कापडातून चाळून पूर्ण काढावे. तुसाचा एक कण साच्याखाली आला तरी छापात ओरखडा उमटतो.

शंभर ग्रॅम पीठ आणि दीडशे ग्रॅम कोंडा हे सुरुवातीचे प्रमाण. दोन्ही कोरडेच नीट मिसळावे आणि थोडे थोडे पाणी घालत घट्ट मळावे. गोळ्याचे जाडसर कडे करावेत, म्हणजे मधल्या भोकातून वाफ सगळीकडे पोहोचते. मोदकपात्रात ओल्या कापडावर ती कडी ठेवून तास ते सव्वा तास वाफवावे. एक कडे मोडून पाहावे: आत पांढरट, पिठूळ भाग दिसला तर आणखी वाफ द्यावी. कच्ची राहिलेली खळ कापडावर धरत नाही आणि रंग लावताना पापुद्र्यांनी सुटते.

वाफवलेली कडी गरम असतानाच भांड्यात घेऊन जाड मुसळीने घोटावीत. थंड झाल्यावर गुठळ्या फुटत नाहीत. सुरुवातीला गोळा अवघड वाटतो, पण घोटत राहिल्यावर तो एकजीव, चकचकीत होतो. आता पानाला लावतात तो चुना चमचाभर घेऊन अर्धी वाटी गरम पाण्यात ढवळावा, निवळू द्यावा आणि वरचे पाणी थोडे थोडे खळीत घालावे. घालताच खळीचा तपकिरी रंग पिवळसर होतो आणि ती सैल, मऊ होते. चुन्यामुळे ती लवकर आंबतही नाही. हे काम करताना डोळ्यांची काळजी घ्यावी, चुन्याचा थेंब उडाल्यास इजा होते.

उरते मीठ, आणि या सर्वांत अवघड निर्णय त्याचाच आहे. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे वाळलेल्या खळीला तडे जात नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात, कोरड्या हवेत, या प्रमाणाला दोन मोठे चमचे मीठ गरम पाण्यात विरघळवून घालावे लागेल. कोकणातल्या जुलैमध्ये तेवढे मीठ घातले तर खळ वाळणारच नाही. तिथे चिमूटभर पुरे, किंवा तेही नको. त्या दिवसाची हवा पाहून मीठ ठरवावे, लिहिलेल्या मापावर विसंबू नये.

शेवटी गरम पाणी घालत खळ घट्ट श्रीखंडाइतकी आणावी आणि विरळ कापडातून गाळावी. मोठ्या कामाआधी एका चिंधीवर छापून रात्रभर वाळवावी आणि चिंधी दुमडून पाहावी. तडा गेला तर मीठ किंवा पीठ वाढवावे, बोटाला चिकटली तर मीठ कमी करावे, कडा पसरल्या असतील तर खळ पातळ आहे. फ्रीजमध्ये झाकून ती आठवडाभर टिकते.

खळ लावणे

जपानी कारागीर सुमारे साडेसहा मीटर लांबीच्या सपाट फळीवर तान पसरतात आणि फळीच्या दोन्ही बाजूंचा वापर करून पूर्ण लांबी बसवतात. फळीवर आधी चिकट भाताच्या खळीचा पातळ थर वाळवलेला असतो; तो किंचित ओला केला की कापड त्याला धरते. घरी गुळगुळीत प्लायवूडवर हेच करता येते. कापडाचा उभा-आडवा धागा सरळ आहे ना, हे फळीच्या कडेशी ताडून पाहावे.

कागदी साचा पाण्यात भिजवून, दोन वर्तमानपत्रांमध्ये टिपून घ्यावा, म्हणजे तो सपाट राहतो. मायलर भिजवण्याची गरज नाही. साचा जाळीची बाजू वर ठेवून कापडावर टेकवावा. ‘हेरा’ म्हणजे लाकडी पातळ उलथणे. ते नसल्यास लवचिक प्लास्टिकचे चालते. त्यावर खळ घेऊन, साधारण 45 अंशांत धरून, एका दिशेने ओढावी. मग उलट दिशेने, जरा जास्त दाब देऊन, जास्तीची खळ निपटून घ्यावी. साच्याच्या जाडीएवढाच खळीचा थर राहिला पाहिजे. हात मध्येच थांबला की तिथे आडवी रेघ उमटते. साचा एका टोकापासून, पान उलटल्यागत सावकाश उचलावा आणि पुढच्या ठिपक्यांवर ठेवावा. दोन-चार छापांनंतर त्याची मागची बाजू ओल्या स्पंजाने पुसावी. काम संपताच साचा सपाट ट्रेमध्ये भिजवून मऊ ब्रशने धुवावा. खळ त्यात वाळू देणे म्हणजे साचा गमावणे.

कापड फळीवरून सोडवून सावलीत वाळवावे. पंख्याच्या थेट वाऱ्यात किंवा कडक उन्हात वाळवल्यास कडा वर उचलल्या जातात.

सोयाबीनचे दूध आणि रंग

वाळलेले कापड दोन्ही टोकांना दातेरी लाकडी चिमट्यांनी धरून दोन खांबांमध्ये ताणतात आणि मागच्या बाजूने दर वीतभर अंतरावर ‘शिन्शी’ नावाच्या, टोकांना सुया असलेल्या बांबूच्या काड्या कमानीसारख्या बसवतात. त्यामुळे कापड हवेत अधांतरी आणि ताठ राहते. लहान पट्टीला लाकडी चौकट पुरते.

मूठभर सोयाबीन रात्रभर भिजवून, मिक्सरमध्ये अर्धा लीटर पाण्यासह वाटून, दाट कापडातून गाळावे. हे कच्चे दूध रंगाला धाग्याशी बांधते. ते त्याच दिवशी वापरावे. उन्हाळ्यात काही तासांतच नासते. रुंद, मऊ ब्रशने संपूर्ण कापडावर, खळीवरूनही, एकदाच झपझप हात द्यावा. घासत राहिल्यास खळ विरघळू लागते. कापड पूर्ण वाळू द्यावे.

रंगासाठी बिंगाता आणि काताएझोमेत खनिज रंगद्रव्ये वापरतात. गेरू, रामरज (पिवळी माती) आणि काजळी ही आपल्याकडे सहज मिळणारी त्याच जातीची द्रव्ये आहेत. खलात द्रव्य आणि सोयाबीनचे थोडेसे दूध घेऊन कण पूर्ण मोडेपर्यंत घोटावे, मग दूध घालून पातळ करावे. कोरडी पूड हाताळताना नाकावर मास्क असावा. रंग आखूड, दाट केसांच्या ब्रशने, अगदी कमी घेऊन, गोल फिरवत कापडात जिरवावा. जाड एका थरापेक्षा पातळ दोन-तीन थर, प्रत्येक वेळी वाळवून, अधिक टिकतात. फिकट रंग आधी, गडद नंतर. बिंगातात शेवटी फुलाच्या मध्याशी किंवा पानाच्या देठाशी गडद रंग लावून लगेच दुसऱ्या, कोरड्या ब्रशने तो बाहेरच्या बाजूला विरवतात. ही छटाच त्या कापडाला खोली देते.

साधने अपुरी आहेत म्हणून थांबणाऱ्यांना ओकिनावाची आठवण करून द्यावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या लढाईत तिथली बिंगाताची परंपरा जवळजवळ बुडाली. शिरोमा एइकी यांनी ती पुन्हा उभी केली, तेव्हा साच्यासाठी टाकून दिलेले लष्करी नकाशे, रंगासाठी लिपस्टिक, उलथण्याच्या जागी फुटक्या ग्रामोफोन तबकड्या आणि खळ पिळून रेषा काढण्याच्या पिशवीच्या तोंडाशी बंदुकीच्या गोळ्यांची रिकामी पुंगळी, अशा सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले.

एकाहून अधिक साच्यांचे काम सुरुवातीला टाळावे. भारतातून डच आणि पोर्तुगीज जहाजांनी जपानात पोहोचलेल्या छापील सुती कापडांच्या प्रभावातून तिथे ‘सारासा’ ही नक्षी घडली. एदो सारासात एकाच कापडासाठी तीसच्या आसपास साचे एकावर एक अचूक बसवावे लागतात.

निळीत रंगवायचे असेल तर

रंगद्रव्यांऐवजी निळीचे कुंड वापरायचे असेल, तर कुंड थंड असावे, कारण गरम पाण्यात खळ सुटते. कापड आधी भिजवू नये. घड्या एकमेकींना चिकटणार नाहीत असे ते ताठ ठेवून एखाद-दोन मिनिटेच बुडवावे, बाहेर काढून हिरव्याचे निळे होऊ द्यावे आणि पूर्ण वाळवून मगच पुन्हा बुडवावे. तीन ते पाच बुडव्यांत गडद निळा मिळतो. एकदाच दीर्घकाळ बुडवल्यास रंग मिळेल, पण नक्षी जाईल.

मुरवणे आणि धुणे

रंगद्रव्ये लावलेले कापड लगेच धुऊ नये. सोयाबीनची प्रथिने पक्की व्हायला किमान आठवडा लागतो. तीन आठवडे ठेवता आले तर फारच चांगले. निळीचे कापड दोन दिवसांत धुतले तरी चालते.

धुताना कापड भरपूर गार पाण्यात, एकावर एक न पडता, तासभर भिजत ठेवावे. खळ फुगून मऊ झाली की पाण्यातच कापड हलवावे आणि जे उरते ते मऊ ब्रशने हळुवार झटकावे. नखाने खरवडू नये, खळ सुटत नसेल तर पाणी बदलून आणखी भिजवावे. पाणी नितळ दिसेपर्यंत खळबळून, न पिळता, सावलीत आडवे वाळवावे. किंचित ओलसर असताना उलट्या बाजूने, कापडाची रुंदी हाताने सरळ ओढत, वाफेची इस्त्री फिरवली की कडा समांतर येतात. हे कापड पुढेही सौम्य साबणाने, गार पाण्यात, वेगळे धुवावे आणि रंगद्रव्य लावलेली बाजू घासू नये. साचा पूर्ण वाळल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये, गुंडाळी न करता सपाट ठेवावा. वाळवी आणि झुरळांपासून जपलेला कागदी साचा पुढच्या अनेक कापडांना पुरतो.